घुबडाला हाक मारण्याआधी

दोस्तांनो, एक प्रश्न. समजा, तुम्हाला मंत्र म्हणून एखाद्या प्राण्याला बोलावता आलं, तर तुम्ही कोणाला बोलवाल? वाघाला? घोड्याला? की चोरपावलांनी येणाऱ्या मांजराला?

आणि तो आल्यावर त्याच्याकडून काय करून घ्याल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेजण पटकन देतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र डोकं खाजवावं लागतं. आज 'खेळाचं अंगण'मध्ये आपण एक असा खेळ पाहणार आहोत, ज्यात हे दोन्ही प्रश्न अगदी खरोखर पडतात. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरं आणि ड्रॅगन.

गोष्ट सांगायचा खेळ

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात राहायचे. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, एवढाच सगळा संसार! पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो.

याला सापशिडीसारखा ठरलेला पट लागत नाही. चार-पाच जण गोल करून बसतात. त्यातला एकजण 'डंजन मास्टर' होतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. नाटकातल्या सूत्रधारासारखाच तो गोष्ट पुढे नेतो. बाकीचे भिडू एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. सूत्रधार सांगतो, "समोर दरी आहे." मग भिडू सांगतात, "आम्ही अमुक करतो." ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. हा फासा लुडोसारखा सहा बाजूंचा नसतो बरं का! त्याला वीस त्रिकोणी बाजू असतात.

प्रत्येक पात्राला तब्येतीचे गुण असतात. व्हिडिओ गेममध्ये आपण 'लाइफ' म्हणतो ना, तसेच. मार लागला की गुण कमी होतात. शून्यावर आले की पात्र कोसळतं. हे गुण लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांचं काम आहे.

पितळी शेगडी आणि सब्जाची बहीण

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. या खेळातल्या जादूगाराला एक मंत्र येतो. त्याने तो एक लहानसा प्राणी सोबतीला बोलावू शकतो. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात या सोबत्याला 'फॅमिलिअर' म्हणतात.

१९७८ सालच्या नियमपुस्तकात या मंत्राची कृती अगदी पाककृतीसारखी दिली आहे. पितळी शेगडी घ्यावी. तिच्यात कोळसे फुलवावेत. मग त्यावर शंभर सुवर्णमुद्रांचा धूप आणि वनस्पती टाकाव्यात. त्या वनस्पतींत बेसिल आहे. ही बेसिल म्हणजे आपल्या तुळशीची बहीण. फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे हिच्याच बिया! दुसरी वनस्पती कॅटनिप. तिच्या वासाने मांजरं वेडीपिशी होतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने आमिष विचार करून निवडलं होतं तर!

एवढं करून कोण येईल, हे जादूगाराच्या हातात नव्हतं. फासा टाकायचा आणि वाट बघायची. एका तासात उत्तर मिळे, नाहीतर चोवीस तासही लागत. वीस बाजूंच्या फाशावरचा कोष्टक असा होता :

१ ते ४ : काळं मांजर
५ किंवा ६ : कावळा
७ किंवा ८ : ससाणा
९ किंवा १० : घुबड
११ किंवा १२ : भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक
१३ किंवा १४ : वीझल, म्हणजे मुंगसासारखा लांबुडका प्राणी
१५ : खास पाहुणा
१६ ते २० : कोणीही येत नाही!

पाहिलंत? वीसपैकी पाच आकड्यांवर कोणीच येत नाही. शंभर मोहरा धुरात गेल्या, रात्रभर जागरण झालं आणि शेगडीसमोर आपण एकटेच! बरं, लगेच पुन्हा प्रयत्न करावा, तर तेही नाही. हा मंत्र वर्षातून एकदाच म्हणता येई.

२०१४ सालच्या नियमपुस्तकात हे सगळं पुष्कळ सोपं झालं. आता दहा सुवर्णमुद्रांचं सामान आणि एक तास पुरतो. फाशाची गरज नाही, प्राणी आपण निवडायचा. यादीही लांबलचक आहे. वटवाघूळ, मांजर, खेकडा, बेडूक, ससाणा, सरडा, ऑक्टोपस, घुबड, विषारी साप, क्विपर नावाचा मासा, उंदीर, डोमकावळा, समुद्रघोडा, कोळी आणि वीझल. एकूण पंधरा!

एक मजेदार चूक सांगू? २०१४ च्या पुस्तकातल्या मांजराला अंधारात दिसायची खास शक्तीच दिलेली नाही! खरं मांजर अंधुक उजेडात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं पाहतं. घुबडाला मात्र खेळात १२० फुटांपर्यंत काळोखात दिसतं. शिवाय ते एका खेपेत ६० फूट उडतं. त्यामुळे पुष्कळ भिडू डोळे मिटून घुबडच निवडतात.

आत कोण जाणार?

हा सोबती काय करतो? तो स्वतः हल्ला करू शकत नाही. पण तो टेहळणी करतो, शत्रूचं लक्ष वेधतो, लहानसहान वस्तू आणून देतो. तो शंभर फुटांच्या आत असला, तर जादूगार त्याच्याशी मनातल्या मनात बोलू शकतो. एवढंच नाही, तर त्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो आणि कानांनी ऐकू शकतो. मात्र तेवढा वेळ जादूगाराचे स्वतःचे डोळे-कान बंद! म्हणजे मागून कोणी आलं, तर पत्ताच नाही.

आता एक डाव डोळ्यांसमोर आणा. जादूगार तुम्ही आहात. तुमच्या खांद्यावर घुबड आहे.

सूत्रधार : पायऱ्या उतरून तुम्ही तळघरात आलात. मशाल विझत आली आहे. समोर लोखंडी दार अर्धवट उघडं आहे. पलीकडे मिट्ट काळोख.

योद्धा : मी सरळ आत घुसतो!

चोर : अरे, थांब! सगळीकडे धूळ आहे, पण दारापुढच्या फरशीवर नाही. ती फरशी हलत असणार.

जादूगार : मी घुबडाला आत पाठवतो आणि त्याच्या डोळ्यांनी बघतो.

सूत्रधार : ठीक. घुबड आवाज न करता आत गेलं. तुला दोन्ही भिंतींत ओळीने भोकं दिसतायत. प्रत्येक भोकात भाल्याचं टोक.

चोर : सापळा! सोप्पं आहे. घुबडाला त्या फरशीवर बसायला सांग. भाले सुटून जातील. मग आपण आरामात जाऊ.

सगळेजण तुमच्याकडे बघतायत. घुबडाला तब्येतीचा गुण आहे फक्त एक. भाला लागला की संपलं.

काय सांगाल?

२०१४ चा नियम असा : हा सोबती म्हणजे खरं घुबड नव्हे. घुबडाचं रूप घेऊन आलेला तो एक आत्मा आहे. त्याचे गुण संपले, की तो नाहीसा होतो. मागे काही उरत नाही. पुन्हा तासभर मंत्र म्हटला, की तोच परत येतो. म्हणजे हिशेब काय झाला? भाले सुटले, चौघे वाचले, खर्च दहा मोहरा. पुष्कळ भिडू "जा घुबडा!" म्हणून मोकळे होतात.

आता १९७८ चा नियम पाहा. त्या वेळी बोलावलेलं घुबड खरंखुरं असायचं. ते जवळ असलं, की त्याचे गुण जादूगाराच्या गुणांत मिळवले जात. पण ते मेलं, तर त्याच्या गुणांच्या दुप्पट गुण जादूगार कायमचे गमावी. समजा घुबडाचे गुण होते ३. मग जादूगाराचे ६ गुण गेले, तेही कायमचे. आणि नवशिक्या जादूगाराचे गुण किती? चार बाजूंच्या फाशावर पडतील तेवढे! करा बरं वजाबाकी.

मधल्या काळात ही किंमत बदलत गेली. १९८९ च्या आवृत्तीत सोबती मेला, की जादूगाराला स्वतःच्या जिवासाठी फासा टाकावा लागे. त्यातून तो वाचला, तरी त्याच्या शरीराच्या ताकदीचा एक गुण कायमचा जाई. २००० च्या आवृत्तीत जिवावरचं संकट टळलं. जादूगाराने मिळवलेले अनुभवाचे गुण तेवढे कमी होत. पण नवा सोबती बोलावायला एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागे. जणू सुतकच! आणि २०१४ पासून दहा मोहरा आणि एक तास. २०२४ मध्ये नियमपुस्तक पुन्हा सुधारलं, तरी हा दर तसाच राहिला.

कोणता नियम चांगला?

तुम्ही म्हणाल, जुनाच नियम चांगला होता. निदान लोक घुबडाला जपत तरी असतील.

थांबा, घाई करू नका. एवढी मोठी शिक्षा असेल, तर हुशार जादूगार काय करील? घुबडाला घरी ठेवून येईल! किंवा सगळा वेळ पिशवीत लपवील. सोबती बोलावला खरा, पण तो सोबत नाहीच. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या काचेच्या पेल्यांसारखी त्याची गत. नव्या नियमात निदान घुबड गोष्टीत येतं, उडतं, धमाल करतं. लहान भिडूच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तासाभरात त्याचं घुबड परत येतं. ही काही वाईट गोष्ट नाही.

मग नव्या नियमात खोट कुठे आहे? खोट नियमात नाही. ती आपण हिशेब कसा मांडतो, त्यात आहे. "दंड नाही ना? मग जाऊ दे तिला भाल्यांवर!" असं म्हटलं, की घुबड म्हणजे दहा मोहरांचं हत्यार झालं. दोस्तांनो, दंड होईल म्हणून जपणं वेगळं आणि आपलं आहे म्हणून जपणं वेगळं. वर्गात बाई असताना गप्प बसणारी मुलं असतात आणि बाई नसतानाही शेजारच्याला त्रास न देणारी मुलं असतात. तसंच हे.

आणि गंमत म्हणजे जपायचं ठरवलं, की खेळ जास्त रंगतो! घुबडाला पाठवायचं नाही ना? मग त्या फरशीवर दगड टाकून बघता येईल. योद्ध्याची ढाल सरकवता येईल. चोराला भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकता येतील. "घुबड पाठव" म्हटलं असतं, तर यातलं काहीच कोणाला सुचलं नसतं.

कॉम्प्युटरवरच्या खेळातही असा बदल झालेला आहे. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आला. त्यात शिकारी जंगली जनावर माणसाळवून सोबत नेतो. सुरुवातीला त्या जनावराला त्याच्या आवडीचं खाणं द्यावं लागे. उपाशी ठेवलं, की ते नाराज होई, नीट लढत नसे आणि शेवटी सोडूनही जाई. पुढे भिडूंना कटकट नको म्हणून हे नियम काढून टाकले. आता सांगा, कटकट गेली, की सोबत थोडी कमी झाली? उत्तर माझ्याकडे मागू नका. मित्रांशी भांडून ठरवा!

जेव्हा दुधाची वाटी गुन्हा होती

'फॅमिलिअर' हा शब्द खेळाने शोधलेला नाही. तो इंग्लंडमधून आला आहे आणि त्याची गोष्ट मुळीच मजेची नाही.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लोकांचा चेटकिणींवर विश्वास होता. चेटकिणीजवळ प्राण्याच्या रूपात एक दुष्ट आत्मा असतो, असं ते मानत. मांजर, बेडूक, कुत्रा, काहीही. १६०४ साली तिथे एक कायदा झाला. त्यात दुष्ट आत्म्याशी करार करणं, त्याला कामाला लावणं, इतकंच नव्हे तर त्याला खाऊ घालणंही गुन्हा ठरलं. आता विचार करा. एखादी म्हातारी एकटी राहते. तिच्याकडे एक मांजर आहे. ती त्याला दूध घालते आणि त्याच्याशी बोलते. शेजाऱ्याची गाय मेली, की बोट कोणाकडे वळणार?

मॅनिंगट्री नावाच्या गावात एलिझाबेथ क्लार्क नावाची एक गरीब म्हातारी होती. तिला एकच पाय होता. १६४५ साली तिच्यावर चेटूक केल्याचा आरोप आला. मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा माणूस आणि त्याचे साथीदार तिच्यावर पहारा ठेवून बसले. तिला कित्येक रात्री झोपू दिलं नाही. शेवटी तिने कबूल केलं, की माझे असे असे प्राणी आहेत. हॉपकिन्सने १६४७ साली छापलेल्या पुस्तिकेत त्यांचं चित्र आहे. पांढरं मांजराचं पिल्लू, काळा ससा आणि बैलाचं डोकं असलेला एक शिकारी कुत्रा! त्याचं नाव व्हिनेगर टॉम. झोपेविना तळमळणारं माणूस काय काय बोलेल, याचा नेम नाही. पण लोकांनी ते खरं मानलं. एलिझाबेथला त्याच वर्षी फाशी दिलं. चेटकीण म्हणून शिक्षा करणारे हे कायदे ब्रिटनमध्ये १७३६ साली रद्द झाले.

आता मघाचा कोष्टक पुन्हा बघा. काळं मांजर, कावळा, घुबड, बेडूक. हे सगळे त्या जुन्या भीतीतूनच खेळात आले आहेत. फरक एवढाच, की ज्यांना लोक भ्यायचे, त्यांना खेळाने मित्र केलं.

आपण तरी कुठे मागे आहोत? मांजर आडवं गेलं, की पाच पावलं मागे जाणारी माणसं आपल्याकडेही आहेत. घुबड घरावर बसलं, की अशुभ म्हणतात. बिचारं घुबड! ते बसलेलं असतं उंदरासाठी आणि आपल्याला वाटतं आपल्यासाठी.

खरं घुबड परत येत नाही

खेळातलं घुबड तासाभरात परत येतं. खऱ्याचं तसं नसतं. ही गोष्ट मी उगीच सांगत नाही.

२०१० साली 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेने भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर एक अहवाल काढला. भारतात घुबडांच्या तीस जाती आढळतात. त्यातल्या पंधरा जाती या व्यापारात सापडल्या होत्या. बहुतेक घुबडं पकडली जात होती ती जादूटोण्यासाठी आणि बळी देण्यासाठी. पण त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली. हॅरी पॉटरच्या गोष्टींमुळे शहरातल्या सुशिक्षित घरांतही मुलांना घुबड भेट द्यायची टूम निघाली होती!

बघा हं. एकीकडे घुबड अशुभ म्हणून मारायचं आणि दुसरीकडे घुबड झकास म्हणून पिंजऱ्यात घालायचं. घुबडाला दोन्हीकडून मरणच. मुलांनी हाक मारली होती प्रेमानेच. पण ज्याला हाक मारली, त्याला काय हवंय, हे कोणी विचारलं नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे. घुबड पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा याच कायद्यात येतो, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं.

मग घुबडाशी दोस्ती करायचीच नाही का? करायची की! फक्त त्याला घरी बोलावायचं नाही, आपण त्याच्या दारी जायचं. संध्याकाळी अंधार पडू लागला, की वडाच्या, आंब्याच्या जुन्या झाडाजवळ किंवा पडक्या भिंतीजवळ उभे राहा. "चिर्रर चिर्रर" असा कलकलाट ऐकू आला, तर तो पिंगळा. मूठभर आकाराचं, पिवळ्या डोळ्यांचं छोटं घुबड. मान वरखाली करून तो तुम्हालाच न्याहाळतो. गव्हाणी घुबड दिसलं, तर त्याचा बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा लगेच ओळखू येईल. ते शेतातले उंदीर फस्त करतं. कोणताही मंत्र न म्हणता शेतकऱ्याला मिळालेला हा सोबतीच!

आणि एक खास खबर. पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊ आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर तो जिवंत असल्याचा भरवशाचा पुरावाच नव्हता. तो नष्ट झाला, असंच पुष्कळांना वाटत होतं. ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो पुन्हा सापडला. कुठे माहीत आहे? आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी! पक्ष्यांचे अभ्यासक त्याला शोधत तिथवर आले, दिवसचे दिवस हिंडले, तेव्हा कुठे तो दिसला.

घरच्या घरी

सुट्टीत हा खेळ करून बघा. महागडी पुस्तकं नकोत. वीस बाजूंचा फासा नसला, तर १ ते २० आकड्यांच्या वीस चिठ्ठ्या एका डब्यात घाला. डबा हलवा आणि एक चिठ्ठी काढा. झाला फासा! आधी सूत्रधार ठरवा. मग जादूगाराने वरच्या कोष्टकाप्रमाणे सोबती बोलवावा. शेगडी, धूप, कोळसे हे सगळं तोंडी हं! खरी काडीसुद्धा पेटवायची नाही.

सोबती आला, की लगेच गोष्टीत उडी मारू नका. एका कागदावर त्याच्याबद्दल चार ओळी लिहा :

१. त्याचं नाव काय?
२. तो काय खातो आणि ते कोण आणतं?
३. तो कशाला घाबरतो?
४. तो कोणत्या कामाला चक्क "नाही" म्हणेल?

चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. सोबती "नाही" म्हणू शकतो, असा नियम तुमच्या डावात करा. मग बघा, चोर काय युक्त्या काढतो ते!

आईबाबांसाठी

असे खेळ पाहून काही पालकांना धास्ती वाटते. मंत्र, आत्मे, चेटूक हे सगळं कशाला मुलांच्या डोक्यात, असं वाटणं साहजिक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतही या खेळावरून मोठा गहजब झाला होता. १९८५ साली तिथल्या टीव्हीवर त्यावर कार्यक्रमही झाला. सर्वांत चांगला उपाय म्हणजे एक डाव मुलांबरोबर खेळून बघणं. पाचव्या मिनिटाला लक्षात येतं, की मुलं मंत्रापेक्षा "आता काय करायचं?" यातच गुंतली आहेत. खेळाच्या मुख्य नियमांचा बराच भाग २०२३ पासून सर्वांना मोफत वापरायला खुला आहे. तो इंग्रजीत आहे, पण सूत्रधाराने मराठीत गोष्ट सांगायला कोणाची हरकत आहे?

आणि मुलांनी खरा प्राणी मागितला, तर त्या चार ओळी त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. दुसऱ्या ओळीतलं "कोण आणतं?" याचं उत्तर "आई" असं आलं, तर अजून थोडं थांबायला हरकत नाही!

डोकं चालवा

१९७८ च्या नियमाने एका जादूगाराने सलग दोन वर्षं मंत्र म्हटला. दोन्ही वर्षी कोणीच आलं नाही, असं होण्याची शक्यता किती?

(उत्तर : एका वर्षी २० पैकी ५, म्हणजे चारात एक. दोन्ही वर्षी मिळून सोळात एक.)

तुमच्या सोबत्याचं नाव आणि त्या चार ओळी आम्हाला पत्राने जरूर कळवा. चित्र काढलंत, तर फारच छान. आणि हो, तळघरातल्या त्या दारापुढे तुम्ही काय केलंत, तेही लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या खेळासह!